मिनामाता रोग

मिनामाता रोग : कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा मासळीवाटे पोटात जाऊन होणारी मेंदूची आणि मज्जातंतूंची विषबाधा. जपानमधील क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे छोटे शहर आहे. तिथे १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली, म्हणून त्याला गावाचे नाव मिळाले. नावात ‘रोग’ असला तरी हा संसर्ग नव्हे आणि घराण्यातून येणारे दुखणेही नव्हे. सुरुवातीच्या काळात ही गोष्ट लोकांना कुणी स्पष्ट सांगितली नाही. आजारी माणसांच्या घरांत जंतुनाशक फवारले गेले, रुग्णांना वेगळे ठेवले गेले, शेजाऱ्यांनी येणे-जाणे तोडले. ज्यांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते अशा कोळी कुटुंबांना आजारापाठोपाठ वाळीतही पडावे लागले.

विषाची वाट. मिनामातातील चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे औद्योगिक रसायन बनवत होता. पुढे प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने बनवण्यासाठी त्याला मोठी मागणी आली. चुनखडी आणि कोक यांपासून कॅल्शियम कार्बाइड, त्यापासून ॲसिटिलीन वायू, आणि हा वायू गंधकाम्लात विरघळवलेल्या मर्क्युरिक सल्फेटमधून सोडला की ॲसिटाल्डिहाइड, अशी ती प्रक्रिया होती. पारा इथे उत्प्रेरक, म्हणजे प्रक्रिया घडवून आणणारा, पण कागदोपत्री स्वतः न संपणारा. प्रत्यक्षात तो वापरता वापरता निष्क्रिय होतो आणि त्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी दुसरे एक रसायन घालावे लागते. ऑगस्ट १९५१ पर्यंत त्यासाठी मँगनीज डायऑक्साइड वापरत. नंतर ते बंद करून लोहाचे संयुग वापरू लागले. या बदलानंतर टाकीत उपउत्पादन म्हणून तयार होणारे मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग वाढले. उत्पादनही वाढतच गेले आणि १९६० मध्ये ते वर्षाला सुमारे ४५,००० टनांवर पोहोचले.

सांडपाणी ह्याक्केन बंदराच्या नाल्यातून सरळ मिनामाता उपसागरात जात असे. त्या नाल्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळात पुढे टनाला सुमारे २ किलो पारा सापडला. एकूण किती पारा समुद्रात गेला याचे अंदाज ७० ते १५० टनांचे आणि त्याहूनही पुढचे आहेत. पण वजनापेक्षा त्याचे रूप जास्त महत्त्वाचे. थर्मामीटर फुटून चुकून गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. मिथाइल मर्क्युरी मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास शोषले जाते. ते प्रथिनांना चिकटते, मेंदूची राखण करणारा अडसर एखादे अमिनो आम्ल असल्यासारखे ओलांडते, वारेतूनही, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातूनही, पार जाते. शरीरातले निम्मे विष बाहेर पडायला सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. रोज मासे खाणाऱ्याच्या अंगात ते त्यामुळेच साठत जाते. प्लवकापासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, शिंपल्यात, लहान माशात आणि लहान मासा खाणाऱ्या मोठ्या माशात दर पायरीला त्याची मात्रा चढत जाते. पाण्यात जे मोजायलाही अवघड, ते ताटात येईपर्यंत लाखो पटींनी वाढलेले असते.

कोळीवस्त्यांत काय दिसले. उपसागराच्या काठच्या वस्त्यांत बोय, तारली, कालवे, शिंपले, ऑक्टोपस हेच घरचे मुख्य जेवण होते आणि विकून उरलेले घरातच शिजत असे. माणसे आजारी पडण्याआधी समुद्रानेच खुणा दिल्या होत्या. मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले, कावळे उडता उडता खाली कोसळू लागले, मांजरे गोल गोल फिरून, लाळ गाळत, झटके येऊन मरू लागली. जाळी कुरतडणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून प्रत्येक घरी मांजर असे आणि त्याच्यापुढे माशांचे उष्टे पडत असे. मालकाचेच जेवण जेवणारे ते सर्वांत लहान शरीर होते. स्थानिक मच्छीमार संस्थेची पकड १९५० ते १९५३ या काळात वर्षाला सरासरी ४५९ टनांच्या आसपास होती. १९५६ मध्ये ती ९६ टनांवर आली.

एप्रिल १९५६ मध्ये साडेपाच-सहा वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात आणली गेली. तिला नीट चालता येत नव्हते, बोलणे अडखळत होते, झटके येत होते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आणि शेजारची माणसे आली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी १ मे रोजी आरोग्य केंद्राला कळवले, की कारण न समजलेला मज्जासंस्थेचा आजार पसरतो आहे. वर्ष संपायच्या आत कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी तो संसर्ग नसून उपसागरातली मासळी खाण्याशी जोडलेली जड धातूची विषबाधा असावी, असा निष्कर्ष काढला. एप्रिल १९५७ मध्ये आरोग्य केंद्राचे प्रमुख इतो हासुओ यांनी उपसागरातले मासे निरोगी मांजरांना खाऊ घातले आणि थोड्याच दिवसांत ती मांजरे तशीच आजारी पडली.

१९५७ चा निर्णय. या सगळ्या प्रकरणातली मोठी चूक इथे झाली. कुमामोतो प्रांताने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला विचारले, की अन्न स्वच्छता कायद्याखाली उपसागरातली मासळी पकडण्यावर आणि विकण्यावर बंदी घालता येईल का? सप्टेंबर १९५७ मध्ये उत्तर आले, की उपसागरातील सर्वच मासे विषारी झाले आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. विषाचे नाव कळले नव्हते हे खरे, पण विषाची वाट कळली होती आणि लोकांना वाचवायला तेवढे पुरेसे होते. अन्नातून विषबाधा झाली तर डॉक्टर आधी ते अन्न बंद करतात, जंतूचे नाव नंतर शोधतात. इथे मात्र कोळ्यांना ‘स्वतःहून संयम पाळा’ एवढेच सांगितले गेले, तेही भरपाईशिवाय. बाजारात मिनामाताची मासळी कुणी घेईना, घरात दुसरे खायला नाही, म्हणून न विकलेले मासे घरच्याच ताटात जास्त पडू लागले.

कारखान्याने प्रक्रियेची माहिती दिली नाही. संशोधक मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकेक धातू तपासत राहिले आणि जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केले. उत्तरादाखल युद्धकाळात बुडवलेल्या स्फोटकांपासून कुजलेल्या माशांतल्या अमाइनांपर्यंत अनेक पर्यायी सिद्धान्त पुढे आले. ऑक्टोबर १९५९ मध्ये होसोकावांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. प्रयोगातल्या या ४०० व्या मांजराला तेच झटके आले. कंपनीने तो निकाल बाहेर येऊ दिला नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट बिघडली. सप्टेंबर १९५८ मध्ये कारखान्याने सांडपाण्याचे तोंड बंदरातून काढून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवले. बंदिस्त उपसागरातले विष उघड्या शिरानुई समुद्रात गेले आणि काही महिन्यांतच उत्तरेकडच्या गावांत नवे रुग्ण दिसू लागले. डिसेंबर १९५९ मध्ये गाजावाजा करून शुद्धीकरण यंत्र बसवले, पण विरघळलेला पारा काढण्यासाठी ते बनवलेलेच नव्हते. ३० डिसेंबरला रुग्णांशी ‘सांत्वन रकमे’चा करार झाला. मृताला ३ लाख येन, प्रौढ रुग्णाला वर्षाला १ लाख येन, आणि पुढे कारखानाच दोषी ठरला तरी नवी मागणी करायची नाही, अशी अट. सांडपाण्यासह ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ पर्यंत चालू राहिले. सरकारने कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे २६ सप्टेंबर १९६८ रोजी मान्य केले, म्हणजे ती प्रक्रिया जुनी होऊन बंद पडल्यावर.

गर्भातली विषबाधा. वार गर्भाला विषापासून वाचवते, असे तेव्हा वैद्यक मानत होते. वस्त्यांत मात्र मान न धरणारी, हातपाय आखडलेली, बोलू न शकणारी मुले जन्मत होती आणि त्यांच्या आया वरून बऱ्याच धडधाकट दिसत होत्या. नाळेतल्या रक्तात मिथाइल मर्क्युरी आईच्या रक्तापेक्षा जास्त असते. आईच्या वाट्याचे विष बाळ ओढून घेते. नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ मुले जन्मजात मिनामाता रोगाची म्हणून मान्य झाली. या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारे डॉ. हारादा मासाझुमी यांना पुरावा घराघरांत मिळाला. जपानी कुटुंबे बाळाच्या वाळलेल्या नाळेचा तुकडा लाकडी डबीत जपून ठेवतात. वर्षांनंतर त्या तुकड्यांतला पारा मोजता आला आणि कोणत्या साली गर्भात किती विष गेले ते समजले.

लक्षणे आणि तपासणी. सुरुवात बहुधा बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येण्याने होते. मग गुंडी लावता येत नाही, पेला धरता धरता सांडतो, चाल झोकांड्यांची होते, बोलणे लांबट आणि अस्पष्ट होते, ऐकू येणे कमी होते. नजर समोर ठीक, पण कडांनी बुजत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखे दिसते. कारण हे विष मेंदूच्या ठरावीक भागांवर बसते : दृष्टिकेंद्राचा एक भाग, स्पर्शाचा पट्टा आणि लहान मेंदूतल्या कणपेशी. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पारा बांधून बाहेर काढणारी औषधे रक्तातले प्रमाण उतरवतात, झालेली हानी भरून काढत नाहीत.

तपासणीत नेहमी होणारी चूक म्हणजे लघवी पाठवणे. मिथाइल मर्क्युरी मुख्यतः पित्तावाटे विष्ठेतून जाते. लघवी असेंद्रिय पाऱ्यासाठी उपयोगी. इथे केस तपासावे लागतात. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस कातडीलगत कापतात आणि मुळाकडचे टोक कोणते त्याची खूण ठेवतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, म्हणून एकेक सेंटिमीटर वेगळा मोजला की मागच्या महिन्यांचा हिशेब मिळतो. केसांतले प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट असते. रासायनिक कुरळे केलेल्या केसांत ते खोटे कमी दिसते. प्रौढांत ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) पुढे लक्षणांचा धोका मानतात; मिनामाताच्या रुग्णांत ७०५ पीपीएमपर्यंत आकडे मिळाले.

न्याय आणि मान्यता. १९६५ मध्ये नीगाता प्रांतात आगानो नदीकाठी तोच आजार उघड झाला. तिथे शोवा देन्को कंपनीचा कानोसे कारखाना तीच प्रक्रिया वापरत होता. कुमामोतोच्या न्यायालयाने २० मार्च १९७३ रोजी चिस्सोला दोषी ठरवून १९५९ चा करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द मानला. रुग्ण म्हणून मान्यता देण्याच्या १९७७ च्या निकषांनी मात्र दार पुन्हा अरुंद केले, कारण केवळ हातापायांची बधिरता पुरेशी न धरता अनेक लक्षणे एकत्र असण्याची अट घातली. दोन्ही प्रांतांत मिळून अधिकृत रुग्ण सुमारे ३,००० आहेत. १९९५ ची तडजोड आणि २००९ चा विशेष कायदा यांखाली मदत मिळालेल्यांची संख्या हजारोंनी जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि प्रांत यांनाही जबाबदार धरले ते ऑक्टोबर २००४ मध्ये.

समुद्राची सफाई. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये उपसागराच्या तोंडाशी जाळे बांधले. ते १९९७ मध्ये काढले. १९७७ ते १९९० या काळात २५ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळून ५८ हेक्टर भराव घातला गेला. खर्च ४८ अब्ज येनांच्या वर गेला. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये कुमामोतोत स्वीकारला गेला, तो मिनामाताच्या नावाने ओळखला जातो आणि ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

आपल्या किनाऱ्याशी संबंध. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा कॅथोड, म्हणजे विजेचे ऋण टोक, असे. उल्हास आणि ठाणे खाडीच्या गाळात वाढलेला पारा अभ्यासकांना आढळला आणि त्याचा संबंध अशा कारखान्यांशी जोडला गेला. याचा अर्थ तिथे मिनामाता झाला असा नव्हे. मिनामातात मिथाइल मर्क्युरी टाकीतूनच तयार बाहेर पडत होते. खाडीत असेंद्रिय पाऱ्याचे ते रूपांतर प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू हळूहळू करतात. म्हणून असा गाळ उपसताना पारा पुन्हा ढवळला जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

ताटातला हिशेब असा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मिथाइल मर्क्युरीसाठी ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ५५ किलोच्या बाईसाठी ते ८८ मायक्रोग्रॅम होतात. ०.०५ पीपीएमच्या माशातून तेवढे जायला पावणेदोन किलो मासे लागतात, ०.५ पीपीएमच्या माशाचे १७६ ग्रॅम, म्हणजे दोन तुकड्या, पुरतात. मिनामातातल्या १० पीपीएमच्या माशाचा ९ ग्रॅमचा एक घासही जास्त ठरला असता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मासे सोडू नयेत. बांगडा, तारली, मांदेली अशी लहान, थोडे जगणारी मासळी खावी आणि मोरी, मोठा कुपा, थोराड सुरमई क्वचितच घ्यावी. पारा माशाच्या मांसातच असतो, त्यामुळे चरबी काढून, मीठ-हळद लावून, तळून किंवा उकळून तो जात नाही. सुकवल्यावर पाणी उडते आणि पारा तिथेच राहतो, म्हणून सुक्या मासळीतले प्रमाण ग्रॅममागे ओल्यापेक्षा जास्त भरते.