१०० मिलिमीटर चिलखत भेदलं, म्हणजे नेमकं काय झालं?

दुसऱ्या महायुद्धावरच्या सिम्युलेशन गेममध्ये टायगर रणगाडा निवडला की माहितीचा तक्ता उघडतो. तोफ ८८ मिमीची, गोळ्याचं वजन १०.२ किलो, नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला ७७३ मीटर आणि अमुक अंतरावर तमुक जाडीचं चिलखत भेदण्याची क्षमता. पहिले तीन आकडे खुशाल स्वीकारावेत. ते थेट मोजता येतात आणि त्यांवरून गोळ्याची गतिज ऊर्जा सुमारे ३० लाख ज्यूल निघते. खरी गोची चौथ्या आकड्यात आहे, आणि खेळाडूंचे वादही बहुतेक त्याच्यावरूनच पेटतात.

चिलखत ‘भेदलं’ असं कधी म्हणायचं, यावर देशोदेशी एकमत नव्हतं. एकट्या अमेरिकेत तीन निकष होते. लष्कराच्या निकषात प्लेटमधून पलीकडचा उजेड दिसण्याइतकं भोक पडलं तरी पुरे. नौदलाला मात्र गोळा जवळजवळ अख्खा पलीकडे गेलेला हवा असे. तिसऱ्या निकषात चिलखतामागे सहा इंचांवर धातूचा पातळ पत्रा उभा करत. उडालेल्या तुकड्यांनी त्याला भोक पडलं, तर आतला सैनिक वाचला नसता असं धरलं जाई. त्यातही अमेरिकी भेदन-मर्यादा म्हणजे ज्या वेगाला निम्मेच गोळे यशस्वी होतात तो वेग. सोव्हिएत तक्त्यांत अनेकदा दोन आकडे असत, एक भेदनाच्या सुरुवातीचा आणि दुसरा खात्रीच्या भेदनाचा. जर्मन तक्ते बहुधा ३० अंशांत कललेल्या प्लेटवरचे. हे सगळे आकडे उचलून एकाच रकान्यात भरले, तर तोफांऐवजी चाचणीच्या नियमांचीच तुलना होते.

उताराचं गणितही वाटतं तेवढं सरळ नाही. जर्मन पँथर रणगाड्याची पुढची प्लेट ८० मिमी जाड आणि उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेली. भूमितीने तिची आडवी जाडी सुमारे १४० मिमी येते. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याची ४५ मिमी प्लेट ६० अंशांत आहे, म्हणजे ९० मिमी. पण गोळा भूमितीच्या रेषेत निमूट जात नाही. उतारावर तो वळतो, घसरतो, फुटतो, त्यामुळे उताराचा फायदा अनेकदा या हिशेबापेक्षा जास्त होतो. उलट गोळ्याचा व्यास प्लेटच्या जाडीहून बराच मोठा असला की तो फायदा आटतो. ४५ मिमी प्लेटवर ८८ मिमीचा गोळा आला, तर नुसत्या कोसाइनवर, म्हणजे कोनाच्या या भूमितीवर, विसंबणारा गेम चुकणारच.

आणि पोलादाचं काय? १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने नॉर्मंडीत इझिन्यी इथे हाती लागलेल्या पँथर रणगाड्यांवर तोफा डागून पाहिल्या. नमुना तोच, जाडी तीच, पण काही प्लेटा फटक्यांनी तडकल्या, काही तगून राहिल्या. जर्मनीला तेव्हा मॉलिब्डेनमसारख्या मिश्रधातूंची टंचाई भासत होती, आणि पोलादावर उष्णतेचे संस्कार नीट झाले नाहीत तर ते ठिसूळ होतं. त्यामुळे ‘पँथरचं चिलखत’ असा एकच आकडा लिहिणं मला मुळातच अपुरं वाटतं. ‘कॉम्बॅट मिशन’ या खेळमालिकेने काही जर्मन रणगाड्यांच्या चिलखताचा दर्जा शंभराहून कमी टक्के धरला होता. त्या टक्क्यांवर खेळाडूंनी हवं तेवढं भांडावं, पण विचाराची दिशा योग्य होती.

आपल्याकडे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन हे त्याच काळातले रणगाडे उभे आहेत. त्यांच्या प्लेटांची जाडी साध्या मोजपट्टीने कळू शकते. कठीणपणा कळायला उपकरण लागतं, आणि ती प्लेट किती फटके सोसेल हे तर तोफ डागल्याशिवाय कळत नाही. म्हणून गेमच्या तक्त्यात प्रत्येक भेदन-आकड्याशेजारी चाचणी कोणाची, निकष कोणता, प्लेटचा कोन किती आणि दहातले किती गोळे आरपार गेले, एवढं तरी छापलेलं हवं.