फांद्यांचे रेणू आणि गोंदाची पकड

गोंद जितका दाट तितकी त्याची पकड पक्की, ही समजूत सोलापुरात सुतारकामाच्या दुकानांपासून चपला दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते, पण ती निम्मीच खरी आहे. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरही सूक्ष्म खाचा असतात. गोंद आधी त्या खाचांत उतरावा लागतो आणि मग तेथेच घट्ट व्हावा लागतो. फार दाट गोंद खाचांच्या तोंडाशीच अडतो व खाली हवा कोंडून ठेवतो. काही देवळांत खांबावर नाणे दाबून चिकटले तर इच्छा पुरी होते असे मानतात. नाण्याला धरून ठेवतो तो खांबावरचा तेलकट थर. तो दोन्ही पृष्ठभागांना नीट भिजवतो आणि पृष्ठताण व चिकटपणा यांच्या जोरावर हलके नाणे तोलतो. त्यात कौल शोधू नये.

मग गोंद पातळही असावा आणि शेवटी पक्काही व्हावा, हे कसे साधायचे? नेहमीच्या बहुवारिकांचे, म्हणजे लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेल्या पदार्थांचे, रेणू लांब, सरळ साखळ्यांचे असतात आणि ते सुताच्या लडींप्रमाणे एकमेकांत गुंततात. या गुंत्यामुळे बळ येते, पण दाटपणाही येतो. साखळीला फांद्या फुटल्या की रेणू आटोपशीर होतो आणि गुंता कमी होतो. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला जी पिष्टाची खळ देतात, तिच्यातील अमायलोपेक्टिन हा फांद्यांचाच रेणू आहे, मात्र त्यात एक फांदी साधारण 24 ते 30 ग्लुकोज एककांनंतर येते. अतिशाखित, म्हणजे फांद्यांनी गच्च भरलेल्या, पॉलिइथरांत फांद्या याहून कितीतरी दाट असतात. पॉलिइथर म्हणजे ज्याच्या साखळीत दोन कार्बनांना ऑक्सिजन जोडतो असे बहुवारिक; या जोडणीला ईथर बंध म्हणतात.

असे रेणू शक्य आहेत हे रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी 1952 मध्ये गणिताने दाखवले होते. एका प्रकारचा एक आणि दुसऱ्या प्रकारचे दोन गट असलेले एकवारिक, म्हणजे बहुवारिकाचा सुटा घटक, घेतले, तर जेली न बनता फांद्यांवर फांद्या वाढत जातात. पॉलिइथरांत या तत्त्वाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ग्लिसिडॉलपासून बनणारे पॉलिग्लिसरॉल. त्याची नियंत्रित कृती सुंडर, म्युलहाउप्ट आणि फ्राय यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली.

ग्लिसिडॉलच्या रेणूत तीन अणूंचे (दोन कार्बन व एक ऑक्सिजन) ताणलेले इपॉक्साइड वलय आणि एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी, असते. सुरुवातीला तीन हायड्रॉक्सिल असलेला ट्रायमिथिलॉलप्रोपेन हा गाभा घेऊन त्यातील सुमारे दहा टक्के गटांचे प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, काढतात. उरलेला ऋणभारित ऑक्सिजन वलयाच्या कमी गर्दीच्या कार्बनवर हल्ला करतो, वलय उघडते, ईथर बंध तयार होतो आणि ऋणभार नव्या ऑक्सिजनवर जातो. येथेच खरी गंमत आहे. प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर अतिशय वेगाने उड्या मारत असतात, त्यामुळे वाढीची संधी रेणूच्या कोणत्याही टोकाला मिळू शकते. एखाद्या एककाचे एकच टोक वाढले तर साखळी सरळ जाते, दोन्ही वाढली तर फांदी फुटते. प्रत्येक ग्लिसिडॉल जोडल्यावर हायड्रॉक्सिलांची संख्या एकाने वाढते, म्हणून 100 एकके जोडली की 103 हायड्रॉक्सिल मिळतात. सरळ पॉलिइथिलीन ग्लायकॉल कितीही लांब केले तरी ते दोनच राहतात.

ग्लिसिडॉल एकदम ओतले, तर प्रोटॉन त्याच्याच हायड्रॉक्सिलवरून निघू लागतात, तेच नवे गाभे बनतात आणि रेणूंचे आकार विस्कळीत होतात. म्हणून सुमारे 95 अंश सेल्सिअसला ते अनेक तास थेंबथेंब सोडतात, म्हणजे ते कायम दुर्मीळ राहते आणि पडल्या पडल्या वाढत्या रेणूलाच जोडले जाते. फांद्यांचे प्रमाण मोजण्यासाठी दोन्ही टोके वाढलेल्या एककांची दुप्पट संख्या भागिले तीच दुप्पट अधिक सरळ एककांची संख्या, असा निर्देशांक वापरतात. सरळ साखळीसाठी तो 0 आणि निर्दोष वृक्षासाठी 1 येतो. सगळे एकदम मिसळल्यास त्याची सैद्धांतिक मर्यादा 0.5 असते, तर थेंबथेंब सोडल्यास ती 0.67 पर्यंत जाते. प्रत्यक्ष पॉलिग्लिसरॉलमध्ये तो 0.53 ते 0.59 एवढा मिळाला.

आता पकडीकडे वळू. शेकडो हायड्रॉक्सिल काचेशी, धातूवरील ऑक्साइडशी आणि सुताच्या सेल्युलोजशी हायड्रोजन बंध करतात, तर लवचीक ईथर कण्यामुळे रेणू पृष्ठभागाशी जुळवून घेतो. ईथर बंध पाण्याने सहज तुटत नाही, हा एस्टर या दुसऱ्या प्रकारच्या बंधावर त्याचा मोठा वरचष्मा आहे. मात्र गुंता नसल्यामुळे एकटे पॉलिग्लिसरॉल ओढ सहन करत नाही. टोकांची आयसोसायनेट या हायड्रॉक्सिलला जोडल्या जाणाऱ्या रसायनाशी क्रिया करून जाळे विणावे लागते किंवा त्यावर इपॉक्साइड गट बसवून नेहमीच्या इपॉक्सी गोंदात ते थोडे मिसळतात. तेथे ते गोंदाचा ठिसूळपणा कमी करू शकते. केवळ ‘नॅनो’ शब्द छापून चमत्काराचा दावा करणाऱ्या गोंदाच्या नळ्यांनी कोणते बंध कशाशी जुळतात हे सांगितले पाहिजे.

अडचणीही आहेत. जी हायड्रॉक्सिले पकड देतात तीच ओलावा शोषतात. शिवाय ग्लिसिडॉल हे बहुधा कर्करोगकारक असल्याची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केली आहे, त्यामुळे त्याचा वापर बंदिस्त यंत्रणेतच व्हायला हवा. ओलाव्यावर एक उपाय समुद्री शिंपल्यांनी सुचवला. खडकाला चिकटण्यासाठी त्यांच्या प्रथिनांत जे कॅटेकॉल गट (दोन शेजारी हायड्रॉक्सिल असलेले कार्बनचे वलय) असतात, तेच पॉलिग्लिसरॉलच्या टोकांवर बसवले असता ओल्या पृष्ठभागांवरही त्याचे लेप धरतात.