श्रीमंत शहरांच्या यादीतला चुकलेला भागाकार

‘जगातील सर्वांत श्रीमंत शहरे’ अशी यादी अधूनमधून छापून येते आणि लगेच सगळीकडे फिरू लागते. बहुतेक वेळा तिच्यामागे एकच गणित असते: शहराचे उत्पादन (वर्षभरात तिथे तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचे मूल्य) भागिले लोकसंख्या. पण अंश आणि छेद एकाच माणसांबद्दल बोलतात का, हे कोणी तपासत नाही.

युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट हिच्या २०१६ च्या आकडेवारीत मध्य लंडनच्या पश्चिम भागाचे दरडोई उत्पादन युरोपीय संघाच्या सरासरीच्या ६११ टक्के होते. म्हणून तिथले रहिवासी सहापट श्रीमंत ठरत नाहीत. रोज बाहेरून कामाला येणाऱ्यांची कमाई अंशात धरली जाते, पण राहायला ते दुसरीकडे असल्याने छेदात त्यांची गणतीच नसते. यावर युरोपीय संघ आणि ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) यांनी काढलेला तोडगा मला आवडतो. दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे असलेले चौकोन एकमेकांना जोडायचे. त्यांत मिळून ५० हजार लोक भरले की तो शहराचा गाभा. ज्या लगतच्या वस्तीतले किमान १५ टक्के कामकरी या गाभ्यात कामाला जातात, तीही शहरातच धरायची. महापालिकेची हद्द इथे गौण.

आता खरी गंमत. हद्द नीट आखली तरी दोन शहरांचे दरडोई उत्पादन थेट ताडून पाहता येत नाही. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की शहराचे उत्पादन लोकसंख्येच्या साधारण १.१५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. लोकसंख्या दुप्पट झाली तर उत्पादन २.२ पट, म्हणजे दरडोई सुमारे ११ टक्के जास्त. माणसे वाढली की गाठीभेटी, व्यवहार आणि कल्पनांची देवघेव त्याहून वेगाने वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

समजा, एक शहर १० लाखांचे आणि दुसरे ८० लाखांचे. आठाचा ०.१५ वा घात १.३७ येतो. म्हणजे मोठे शहर केवळ आकारामुळे दरडोई ३७ टक्के पुढे असायला हवे. ते २५ टक्केच पुढे असेल, तर भागा १.२५ ला १.३७ ने: ०.९१. हा आकडा १ पेक्षा कमी, म्हणजे त्याचा लॉगॅरिदम ऋण येतो. यादीत वर दिसणारे शहर अपेक्षेपेक्षा मागे आहे! कामगिरी म्हणून मोजायचे ते हे उरलेले अंतर. संग्रहालये, विमानतळ, हिरवळ यांना मनाला येईल तसे गुण देऊन बेरीज करणाऱ्या ‘निर्देशांकां’ना हा हिशेब परवडत नाही, कारण त्यात भपका उरत नाही.

पण घातांकही (वरचा १.१५ हा आकडा) हद्दीवर अवलंबून असतो. इंग्लंड आणि वेल्समधील शहरांच्या हद्दी अनेक प्रकारे आखून २०१५ मध्ये एका अभ्यासात तो तपासला गेला. हद्द बदलली की काही घातांक बदलत होते, आणि उत्पन्नाचा घातांक १ च्या जवळपासच राहिला, म्हणजे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणातच वाढत होते. तिथे ३७ टक्क्यांची वजावट लागूच होत नाही. वरच्या उदाहरणातले मोठे शहर पुन्हा २५ टक्क्यांनी पुढे धरावे लागेल.