अहिल्याबाईंची गादी महेश्वरला का?

इंदूरचा विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाचा, विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. तरी घरी आलेल्या पाहुण्यांना बाईंची गादी दाखवायची, तर ९० किलोमीटरवर नर्मदाकाठी महेश्वरला जावं लागतं. तिथल्या किल्ल्यातल्या राजवाड्यात त्यांचं छोटं संग्रहालय आहे.

इंदूरचा राजवाडा मुळात मल्हाररावांचा. काम सुरू झालं १७४७ मध्ये. खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले, मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि वर्षभरात मालेरावही. तेरा वर्षांत नवरा, सासरे, एकुलता एक मुलगा! दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह दत्तक घेण्याचा होता. त्यांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौज घेऊन आले, पण बाई लढायला उभ्या राहिल्या आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचाच हक्क मानला. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी कारभार स्वतःकडे ठेवला आणि राजधानी महेश्वरला नेली. १७९५ पर्यंत दौलत तिथूनच चालली.

म्हणून गादी तिथे आहे. राजवाडा म्हणावा असा थाट नाही: कौलारू छप्पर, लाकडी खांब, मधे चौक आणि ओसरीवर पांढऱ्या कापडाची बैठक, मागे लोड. शेजारी पालखी, हत्यारं. काशी विश्वनाथाचं मंदिर नव्यानं उभारणाऱ्या, सोमनाथाला पुन्हा पूजा सुरू करणाऱ्या बाई एवढ्याशा बैठकीवर बसून न्याय करत, हे तिथे उभं राहिल्यावरच खरं पटतं.

पुढे १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, राजवाडा जाळला. महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केल्यानंतर १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला परतली. इंदूरच्या राजवाड्याला १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली. महेश्वरचा वाडा एवढा जसाच्या तसा राहिला, तो माझ्या मते सत्ता तिथून निघून गेली म्हणूनच.

बाईंनी बाहेरून बोलावून वसवलेल्या विणकरांमुळे महेश्वरी लुगड्यांचं नाव झालं. ते माग आजही चालू आहेत. वाड्याच्या आवारात लिंगार्चनही चालू आहे: ब्राह्मण काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगं पाटावर ओळीनं मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. हे सकाळीच होतं, तेव्हा इंदूरहून पहाटे निघा.