२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

"एकवीस दिवस पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो, तरी अंगवळणी पडलं नाही. आपला पिंडच नाही तो!" नाशिकमध्ये ही सबब मी फार ऐकते, आणि दरवेळी हळहळते. कारण तो आकडाच चुकीचा आहे.

१९६० मध्ये प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी लिहिलं, की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळून पडलं, चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ च्या अभ्यासात नवी सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले. माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे काल थंडीत पांघरुणातून निघाला नसाल, तरी आज मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.