ब्रेक पिस्टन दाबणी

ब्रेक पिस्टन दाबणी : डिस्क ब्रेकचे पॅड (डिस्कवर घासून चाक थांबवणारे तुकडे) बदलताना कॅलिपरमधून, म्हणजे पॅड धरून डिस्कवर बसणाऱ्या भागातून, बाहेर आलेला पिस्टन परत आत बसवण्याचे काम आणि त्यासाठीची हत्यारे. पॅड झिजतो तसा पिस्टन त्याच्या मागोमाग पुढे सरकत राहतो. नवा पॅड जाड असतो; त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे गेल्याशिवाय कॅलिपर डिस्कवर चढतच नाही.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात, गाडीचे असे काम बहुधा गॅरेजवरच होते. मोटारसायकलचे पॅड मात्र ओट्यावर बसून स्वतः बदलणारे गावोगाव भेटतात. इथल्या काळ्या मातीची बारीक धूळ पिस्टनच्या तोंडाशी असलेल्या रबरी बुटावर बसते, पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. तोरणमाळहून किंवा कन्नड घाटातून चाळीसगावकडे भरल्या गाडीने उतरणाऱ्याचे पॅड सपाट रस्त्यावर फिरणाऱ्यापेक्षा लवकर जातात. आताच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याचा या हत्याराशी संबंध येत नाही.

हत्यार गाडी पाहून नव्हे, पिस्टन पाहून निवडावे. मोटारसायकलचा पिस्टन निरोगी असेल तर दोन अंगठ्यांनी आत जातो. एकाच कॅलिपरात दोन पिस्टन असले तर एक दाबताच दुसरा बाहेर येतो. दुसऱ्यासमोर लाकडाचा तुकडा अडकवला की भागते. चारचाकीच्या पुढच्या चाकाला सुताराकडे असतो तो सी-क्लॅम्प पुरतो. त्याचे तोंड 6 इंच उघडावे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून त्यावर स्क्रूचे टोक टेकवावे, म्हणजे जोर सगळीकडे सारखा पडतो आणि पिस्टन तिरका होत नाही. बाजारात दोन पत्र्यांची, मध्ये स्क्रू असलेली खास दाबणीही मिळते. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरला ती सोयीची. एरवी क्लॅम्प असताना तिच्यावर पैसे घालण्याची गरज नाही.

मागच्या चाकाची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतो, तिथे प्रश्न येत नाही. ज्यांना मागे डिस्क आहे आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर काम करतो, त्यांचा पिस्टन अनेकदा आट्यांवर बसलेला असतो. तो नुसता दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. तोंडावर दोन खाचा दिसल्या तर क्लॅम्प बाजूला ठेवावा. इथे जोर लावला की आतली यंत्रणा मोडते. त्या खाचांत बसणारे फिरवणीचे हत्यार लागते. फिरवण्याची दिशा काही गाड्यांत उलटी असते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी त्याची मोटर सर्व्हिस स्थितीत मागे घ्यावी लागते, आणि ते काम स्कॅनरवाल्याकडे सोपवलेले बरे.

स्क्रू ड्रायव्हर किंवा टॉमी डिस्कला टेकवून पिस्टन ढकलण्याची सवय सर्वत्र दिसते. वेळ वाचतो खरा, पण डिस्कवर ओरखडा येतो, बूट फाटतो आणि प्लॅस्टिकसारख्या टणक पदार्थाचा पिस्टन असेल तर त्याची कड तुटते. क्लॅम्प हाताने आवळूनही पिस्टन हलत नसेल, तर मोठा क्लॅम्प शोधू नये. गंज चढला आहे, बूट फाटून आत धूळ गेली आहे किंवा होज (कॅलिपरला ऑइल पोचवणारी रबरी नळी) आतून बंद झाला आहे, असे समजावे. कॅलिपरवरचा ऑइल सोडण्याचा निप्पल सैल करताच पिस्टन सरकला तर दोष होजकडे किंवा त्याच्याही पुढे, पॅडल किंवा लिव्हरने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे आहे; तरीही अडला तर कॅलिपर खोलावा लागेल. पिस्टनला इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधे ग्रीस लावू नये, त्याने सील फुगते.

पिस्टन आत जातो तेव्हा ब्रेक ऑइल उलटे टाकीत येते. मध्ये कोणी टाकी काठोकाठ भरली असेल तर ते उतू जाते. मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची ही टाकी हँडलवर असल्याने पहिला थेंब पेट्रोलच्या टाकीवरच पडतो आणि डॉट 3 वा डॉट 4 (ब्रेक ऑइलचे प्रकार) ऑइल रंग उतरवते. म्हणून आधी सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे, सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे. हे ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट 3 चा उत्कलनांक किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओल शिरल्यावरची किमान मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक भोवतो, म्हणून काढलेले जुने ऑइल परत ओतू नये. क्लॅम्प हळू आवळावा आणि कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा.

पॅड बसल्यावर पॅडल किंवा लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबतात. पिस्टन पॅडला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही, त्यामुळे हे गाडी जागेवर उभी असतानाच करायचे असते.