कमाटीबागेतल्या देवमाशाचं कच्छी घराणं

बडोद्यात वाढलेलं मूल कमाटीबागेतल्या संग्रहालयात एकदा तरी निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे तोंड उघडं टाकून उभं राहतंच. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला हा प्राणी, लांबी सुमारे ७२ फूट. आमची आजी त्याला लांबूनच हात जोडायची, मत्स्यावतार म्हणून. पण पुढचा पर जवळून पाहा: खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळं जागच्या जागी. माशाला बोटं कुठली? हा पाय आहे, वल्हं झालेला.

तो मुळात कुणाचा, हे शोधायला जम्मूतल्या कालाकोटला जावं लागतं. तिथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले जीवाश्मांचे दगड त्यांच्या पश्चात जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे गेले. प्रयोगशाळेत एक कवटी चुकून फुटली आणि कानाजवळचं जाड हाड उघडं पडलं. तसं हाड तोवर फक्त देवमाशांतच माहीत होतं! मांजराहून थोडा मोठा, खुरांचा हा इंडोहायस. देवमाशांशी त्याचं नातं २००७ साली जाहीर झालं.

नंतरचं प्रकरण आपल्या गुजरातेतलंच. १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्र या जीवाश्मतज्ज्ञांनी कच्छमधल्या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म उजेडात आणले. चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, आणि घरात वाटण्या तेव्हाच झाल्या होत्या. रेमिंग्टोनोसेटिड कुळाचं थोबाड लांब, डोळे अगदी बारीक, कान मात्र तयार. गढूळ खाडीत नजर काय कामाची? शेजारच्या प्रोटोसेटिडांचे डोळे मोठे, त्यांची शिकार स्वच्छ पाण्यातली. पहिलं कूळ निर्वंश झालं, म्हणजे आपल्या देवमाशाचं ते चुलत घराणं. पुढचा वंश दुसऱ्यातून चालला.

शाळेच्या तक्त्यावर हे सगळं एका रेषेत काढतात, चार पायांपासून शेपटीपर्यंत. झाडच काढायचं तर वडाचं काढावं. आमच्या बडोद्याच्या, म्हणजे वडोदऱ्याच्या, नावातही तोच आहे.

साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आणखी एक मोठी फांदी फुटली. एकांनी दात सोडून तोंडात गाळणी धरली आणि समुद्रातले बारीक जीव गाळून खाऊ लागले. निळा देवमासा त्यांतला. दुसरे दातवाले राहिले, त्यांत डॉल्फिन आले. आज दोन्ही मिळून नव्वदच्या आसपास जाती आहेत. दातवाल्यांतली एक गंगेत स्थिरावली. त्या गढूळ पाण्यात सुसूला, म्हणजे या गंगेतल्या डॉल्फिनला, जवळजवळ दिसतच नाही, ती आवाजाच्या पडसादावर मासे हेरते.